बायोपिक ज्याच्यावर, तोच साईड रोलमध्ये?

हां, तर आज ज्या पिक्चरबद्दल बोलायचंय त्याच्या पोस्टरवर टॉम हँक्स, ट्रेलरभर टॉम हँक्स, लाल स्वेटर घालून गोड हसणारा टॉम हँक्स, आणि ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं कशासाठी? सपोर्टिंग ॲक्टर! बायोपिक ज्याच्यावर आहे तो माणूसच साईड रोलमध्ये. आणि हे काही चुकून झालेलं नाहीये, पिक्चरची सगळी गंमतच यात आहे.

पिक्चरचं नाव 'अ ब्युटिफुल डे इन द नेबरहूड', 2019 चा, डायरेक्टर मॅरिएल हेलर. आणि माणूस कोण, तर फ्रेड रॉजर्स. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे नाव माहीत नसेल पण अमेरिकेत तुम्ही कुणालाही विचारा, चेहरा लगेच मऊ होतो. पिट्सबर्गमधून लहान मुलांचा एक टीव्ही शो करायचे, 1968 ला देशभर सुरू झाला तो 2001 पर्यंत. शोमध्ये काय, तर हा माणूस घरात येतो, कोट काढतो, स्वेटर घालतो, बूट बदलतो आणि अगदी सावकाश, खरंच अगदी सावकाश मुलांशी बोलतो. भपका नाही, आरडाओरडा नाही. पण विषय? मृत्यू, आईबाबांचा घटस्फोट, राग, भीती. पाळलेला मासा मेला तर त्याला पुरायचं कसं यावर अख्खा एपिसोड. 1970 साली, पाच वर्षांच्या मुलांसाठी!

आता पिक्चरची स्टोरी. लॉइड नावाचा एक पत्रकार आहे, मॅथ्यू रीसने केलाय, आणि हा खरा हिरो. लोकांच्या भानगडी उकरून काढणारा, कशावरच विश्वास न ठेवणारा माणूस. आई आजारात मरत असताना बाप घर सोडून गेला होता, तो इतक्या वर्षांनी बहिणीच्या लग्नात येऊन उभा राहतो आणि तिथेच मारामारी होते. नाकावर जखम घेऊन साहेब ऑफिसला येतात तर एडिटर सांगते, फ्रेड रॉजर्सवर 400 शब्द लिही. म्हणजे आधीच डोकं फिरलेलं, त्यात लहान मुलांच्या बाहुल्यावाल्या काकांचा इंटरव्ह्यू.

थोडी खरी गोष्ट सांगतो. टॉम जुनॉड नावाच्या पत्रकाराने 1998 मध्ये एस्क्वायर मासिकात रॉजर्सवर मोठा लेख लिहिला, त्यावरून हा पिक्चर आलाय. पण नाव बदललंय, आणि ती लग्नातली मारामारी खऱ्यात झालीच नव्हती. मला आधी हे जरा खटकलं, म्हटलं मग बायोपिक कशाला म्हणता. पण नंतर पटलं, कारण हा पिक्चर रॉजर्सचा जन्म, लग्न, यश, मृत्यू अशी जंत्री लावत बसत नाही, तो एवढंच दाखवतो की असा माणूस समोर येऊन बसला की समोरच्याचं काय होतं.

आणि काय होतं बघा. लॉइड प्रश्न विचारतो, रॉजर्स उलट त्यालाच विचारतात, नाकाला काय झालं. हा विषय बदलतो, ते थांबतात आणि परत हळूच तिथेच येतात. टॉम हँक्सने काय केलंय माहितीये, नक्कल नाही केलेली, त्याने फक्त वेग पकडलाय. बोलण्याआधी दोन-तीन सेकंद गप्प राहायचं आणि समोरच्याकडे असं बघायचं की जगात दुसरं कुणी नाहीच. सुरुवातीला खरं सांगू, चीड येते, लॉइडसारखंच वाटतं की हा माणूस नाटक करतोय.

लॉइडला तेच शोधायचं असतं, मुखवट्यामागे काय आहे. आणि उत्तर देते रॉजर्सची बायको जोॲन. ती म्हणते त्यांना संत म्हणू नका, कारण संत म्हटलं की विषय संपला, बाकीच्यांना ते जमणारच नाही असं होतं. त्यांनाही राग येतो, पण ते त्यावर रोज काम करतात. रोज पोहायचं, रोज प्रार्थना, माणसांची नावं घेऊन. स्वतः रॉजर्स लॉइडला सांगतात की राग आला की पियानोच्या खालच्या, म्हणजे जाड आवाजाच्या पट्ट्या एकदम जोरात दाबायच्या. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता तो सीन. दोघं रेस्टॉरंटमध्ये बसलेत, लॉइड पार कोलमडलेला, आणि रॉजर्स म्हणतात, एक मिनिट गप्प बसून अशा माणसांची आठवण काढ ज्यांनी प्रेम करून तुला घडवलं. लॉइड म्हणतो नाही जमणार. ते म्हणतात येतील ते आपोआप. आणि मग… आवाज बंद. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसंही थांबतात, कॅमेरा हळूहळू रॉजर्सवर जातो आणि ते थेट तुमच्याकडे बघतात. म्हणजे पडद्यातून. बॅकग्राउंड म्युझिक नाही, काही नाही. पिक्चर चालू असताना तुम्हाला कामाला लावलंय! आणि त्या टेबलांवर बसलेल्यांमध्ये खऱ्या जोॲन रॉजर्स आहेत, शोमध्ये पोस्टमन बनणारे डेव्हिड न्यूवेलही आहेत. हे मला नंतर कळलं आणि मी तेवढा सीन परत जाऊन बघितला.

हे हवेतून आलेलं नाहीये बरं का. 1997 मध्ये खऱ्या रॉजर्सना एमी, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही पुरस्कारांच्या सोहळ्यात जीवनगौरव मिळाला तेव्हा त्यांनी स्टेजवरून सगळ्या नट-नट्यांना हेच करायला लावलं होतं, 10 सेकंद, वेळ मी बघतो म्हणाले आणि खरंच घड्याळाकडे बघत उभे राहिले. इथे करून बघूया का? 10 सेकंद. मी गप्प बसतो.

(शांतता)

हं. कॅमेऱ्यासमोर 10 सेकंद किती लांब असतात यार.

मेकिंगबद्दल पटकन. शोचे सीन पिट्सबर्गच्या त्याच स्टुडिओत शूट केलेत, त्या काळातल्या व्हिडिओ कॅमेऱ्यांवर, म्हणून ते जरा धुरकट दिसतात. आणि शहर दाखवायचं असेल तर खरं शहर नाही, शोमध्ये असायची तशी खेळण्यातली छोटी घरं, छोट्या गाड्या. अख्खा पिक्चर म्हणजे शोचा एक एपिसोड आणि त्या आठवड्याचा विषय लॉइड. मध्ये एक स्वप्नाचा भाग आहे तो मला जास्तच ताणलेला वाटला, आणि लॉइडच्या बायकोला स्क्रिप्टने फार काही दिलेलं नाही, बाळ सांभाळ आणि समजून घे, बस.

पण बापाचा सीन सोडू शकत नाही. बाप शेवटचे दिवस मोजतोय, क्रिस कूपरने कमाल केलीये, आणि रॉजर्स त्याला भेटायला येतात. निघताना त्याच्या कानात काहीतरी बोलतात. लॉइड बाहेर येऊन विचारतो काय सांगितलंत. तर म्हणतात, माझ्यासाठी प्रार्थना करा असं म्हणालो, एवढ्यातून जाणारा माणूस देवाच्या किती जवळ असेल. खऱ्या लेखात हे एका आजारी मुलाबाबत आहे. जुनॉडना वाटलं की मुलाला बरं वाटावं म्हणून काय हुशारी केलीत, तर रॉजर्सना ते कळेचना, कारण त्यांनी खरंच स्वतःसाठी मागितलं होतं. मला हे वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही.

आणि आता ते पियानोचं. शेवटचा सीन, शूटिंग संपलंय, लोक निघून चाललेत, स्टुडिओत रॉजर्स एकटेच पियानो वाजवत बसलेत, छान शांत सूर चाललाय. मध्येच थांबतात. आणि खालच्या पट्ट्या, धडाम. मग परत तोच शांत सूर, आणि लाईट जातात.