दात किडला नाही, मग हलतोय कशानं?

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात करवीर तालुक्यातल्या एक मावशी माझ्या दवाखान्यात आल्या. खालचा पुढचा दात जिभेनं हलवून दाखवत म्हणाल्या, "डॉक्टर, एकबी दात किडल्याला न्हाई, मग ह्यो हलतोय कशानं?"

प्रश्न रास्त होता. दात खरंच ठणठणीत होता. पंचगंगेला पूर येऊन गेल्यावर काठावरचा खांब शाबूत असतो, पण बुडातली माती वाहून गेलेली असते, तशी गत. ही माती म्हणजे हिरडी आणि तिच्याखालचं हाड. आपल्याकडं या रोगाला पायरिया म्हणतात.

दातावर नख ओढलं की नखात पांढरट चिकट काहीतरी येतं ना, तिथून सुरुवात होते. तो जंतूंचा थर. रोज घासून काढला तर गेला. राहिला, तर लाळेतल्या क्षारांनी काही दिवसांत दगडासारखा घट्ट होतो. हे कीटण. त्यावर ब्रश चालत नाही, ते दवाखान्यातच काढावं लागतं. काढल्यानं दात ढिले होतात, ही समजूत मी रोज ऐकतो. अहो, दात आधीच ढिला झालेला असतो, कीटणानं तो नुसता लिंपून धरलेला असतो!

हाराल्ड लो या दंतसंशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात सूज उतरली. म्हणजे नुसती सूज असेतोवर गाडी मागं फिरते. एकदा हाड झिजलं की ते आपोआप भरून येत नाही. आणि हे सगळं होताना बहुधा दुखत नाही, म्हणून माणूस येतच नाही.

आता मशेरी. तव्यावर तंबाखू भाजल्याचा तो ठसका आपल्या गावाकडं कुणाला सांगायला नको. मशेरीनं दात घट्ट होतात, असं मावशींना त्यांच्या आईनं सांगितलेलं. बोट रोज जिथं फिरायचं, नेमकी तिथलीच हिरडी खाली सरकून मुळं उघडी पडली होती. बिडी-सिगारेटचं आणखी वेगळं: तंबाखूच्या धुरानं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्त कमी येतं, आणि आतला रोग झाकून राहतो.

मावशींना साखर तपासायला पाठवलं. वाढलेलीच निघाली. मधुमेहात हिरडीचा रोग बळावतो, आणि हिरडी चिघळली की साखर आटोक्यात राहत नाही. रक्तदाबाच्या, फिटच्या काही गोळ्यांनीही हिरड्या फुगतात. पण गोळी आपल्या मनानं बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. काही घराण्यांत हा रोग लवकर दिसतो. तांबड्या रश्श्यावर मात्र उगाच आळ नको. तो सुजल्या हिरडीला झोंबतो, रोग लावत नाही.

मावशींबरोबर सून आली होती, पाचव्या महिन्यातली. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी हिरड्या लवकर सुजतात. ब्रश केला की रक्त येतंय म्हणून तिनं ब्रशच सोडला होता. सध्या बोटानं मशेरी चालू होती, सासूच्याच डबीतली.

त्या दिवशी खुर्चीत आधी तिला बसवलं.