तिथी बघून अंदमान

(ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय, ‘उष्णकटिबंधातल्या बेटांवरची पहिली साहससहल : सात दिवसांचं नियोजन’. आता गंमत बघा. ठाणे शहर आहे साष्टी बेटावर, अक्षांश १९ उत्तर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच खाली. तेव्हा घोडबंदर रोडवाल्यांची अशी सहल रोजच चालू आहे, ट्रॅफिकच्या साहसासकट. कळव्याहून आलेल्यांनी वाईट वाटून घेऊ नये, तुम्ही मुख्य भूमीवरून खाडी ओलांडून पर्यटनाला आलात.

मी बोलणार आहे अंदमानवर. लक्षद्वीप सुंदरच आहे, पण त्याला प्रवेशपरवाना लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्यानं अंदमान धरावं.

आणि माझा हेका एकच आहे. सहलीची तारीख विमानाच्या भाड्यावरून ठरवू नका, तिथीवरून ठरवा. हसताय? चेंदणी कोळीवाड्यात जाऊन विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे सौम्य भरती-ओहोटी. उधाणात पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, म्हणून जास्त ओढतं आणि गढूळही होतं. भांगाचं पाणी सुस्त असतं, आणि नवशिक्याला सुस्त पाणीच हवं. चंद्र तिकडे काही वेगळा उगवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर काढा, जानेवारी ते एप्रिलमधली एक अष्टमी निवडा. शुद्ध असो की वद्य, समुद्राला सोयरसुतक नाही. हेच महिने का, तर मे महिन्यात मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात पोचतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं होतात.

आता सभागृहातल्या ट्रेकर मंडळींसाठी. आहेत ना? वाटलंच. येऊर, मामा-भाचे करत हरिश्चंद्रगडापर्यंत गेलेल्यांना वाटतं, पाण्यात काय, तरंगायचंच तर आहे. डोंगरात दम लागला तरी जोर लावून वर जाता येतं. स्कूबात, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाताना, जोर लावलात की हरलात. १० मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणजे त्याच एका श्वासाला टाकीतली दुप्पट हवा जाते. धापा टाकणाऱ्याची टाकी आधी संपते. कानावरचा दाब तर पहिल्या मीटर-दोन मीटरपासून जाणवतो. नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची, दुखायला लागायच्या आधी. आणि वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, कारण छातीतली हवा वर येता येता फुगते.

टाकीवरून आठवलं. आमच्या एका सहलीत छापील कार्यक्रम हातात पडला. सातवा दिवस : सकाळी स्कूबा, दुपारी विमान. मी आयोजकांना म्हटलं, हे चालणार नाही. ते म्हणाले, “मॅडम, आजवर कुणाला काही झालेलं नाही.” मी म्हटलं, टाकीत ऑक्सिजन नसतो, साधी दाबलेली हवा असते, तिच्यातला नायट्रोजन दाबाखाली अंगात विरघळतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. कळसूबाई १,६४६ मीटर. विमान उडालं की केबिनमधला दाब कळसूबाईच्या शिखरावरच्यापेक्षाही कमी होतो. सोड्याची बाटली उघडल्यावर काय होतं? एका डुबकीनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डुबक्या झाल्या तर १८ तास विमानात बसू नये, असं डायव्हिंगच्या वैद्यकातले लोक सांगतात. यावर मागून एक काका कडाडले, “अहो, पण पैसे भरलेत ना!” मी सुचवलं, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची अदलाबदल करा. तर आयोजक गंभीरपणे म्हणाले, “तिसऱ्या दिवशी शिंपल्यांची खरेदी आहे.” म्हणजे शिंपले शिळे होतात बहुतेक. (खरेदीचं निघालंच आहे तर, किनाऱ्यावरचं पोवळं उचलून आणू नका, मेलेलंसुद्धा. वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.) मी डुबकी मारली नाही. काकांनी मारली, दुपारी विमानात बसले आणि धडधाकट उतरले. तेव्हापासून भेटले की मला सोडा विचारतात. त्यांचं नशीब हे काही नियोजन नव्हे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरे देवा, सात दिवस राहिलेच.

तर भरभर. निघण्याआधी महिनाभर जवळच्या तरणतलावात तोंड पाण्यात घालून तरंगायला शिका. चाचणी-डुबकीला, म्हणजे प्रशिक्षकाबरोबरच्या पहिल्या स्कूबाला, पोहता येण्याची अट सहसा नसते, तरीही शिका. दमा, कान, सायनस, हृदयाचं काही असेल तर इथेच डॉक्टरांना विचारा, तिथल्या फॉर्मवर लपवू नका.

पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, २०२४ पासून श्री विजयपुरम. आपण मराठी माणसं, सेल्युलर जेलला जाणारच, जायलाच हवं. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. दुसऱ्या दिवशी सकाळची बोट. तिकिटावर ‘स्वराज द्वीप’ दिसलं तर घाबरू नका, हॅवलॉकच ते. बोट लागत असेल तर गोळी चढण्याच्या आधी घ्या, ओकारी आल्यावर नव्हे. दुपारी राधानगर किनारा, पण लवकर. अंदमान आपल्या २० अंश पूर्वेला, घड्याळ मात्र तेच, म्हणजे सूर्य तिथे जवळजवळ ८० मिनिटं आधी. आपल्या सवयीनं सहाला पोचलात तर अंधार बघाल. तिसरा दिवस एलिफंट बीच, स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली बघणं, तोंडानं श्वास घ्यायची सवय. चौथ्या दिवशी, म्हणजे निवडलेल्या अष्टमीच्या आसपास, स्कूबा, प्रशिक्षकाबरोबर, १२ मीटरच्या आत. सर्दी असेल तर नाही म्हणजे नाही. पाचवा दिवस रिकामा. हो, पैसे भरून रिकामा! बोट रद्द होते, वारा सुटतो, सर्दी उतरायला वेळ लागतो. राहिलेली डुबकी याच दिवशी. काहीच राहिलं नसेल तर कांदळवनात कयाक वल्हवा. सहाव्या दिवशी परतीची बोट, सातव्याला विमान.

मगरींचं कुणीतरी विचारणारच. आहेत, खाऱ्या पाण्यातल्या. खाड्या आणि कांदळवनांच्या बाजूला जास्त. कयाकला म्हणूनच स्थानिक वाटाड्याबरोबर जायचं, पाटी दिसली की पाण्यात उतरायचं नाही आणि जीवरक्षकाशी हुज्जत घालायची नाही. बाकीचे प्रश्न खाली चहाच्या टेबलाशी. वॉचमन कुलूप घेऊन उभा आहे.