सोनं विमानातून गेलं, पण कारखाने का थंडावले? 1991 च्या मंदीचा राहून गेलेला भाग

1991 म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. देशाचं सोनं गहाण पडलं, आणि 24 जुलैला मनमोहन सिंगांनी ते गाजलेलं बजेट मांडलं. या दोन्हींच्या मधल्या भागाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. 1990-91 मध्ये देशाचं औद्योगिक उत्पादन 8 टक्क्यांच्या वर वाढलं होतं. पुढच्या वर्षी ती वाढ एक टक्काही राहिली नाही. देशाचं एकूण उत्पन्न दीड टक्क्याहून कमी वाढलं. चालतं मशीन कुणीतरी बटण दाबून बंद करावं, तसं झालं.

ते बटण आपणच दाबलं होतं. आज त्याबद्दल बोलू.

आधी दुखणं काय होतं ते बघू. ऐंशीच्या दशकात सरकार कमाईपेक्षा बराच जास्त खर्च करत होतं. दशक संपता संपता केंद्राची वित्तीय तूट जीडीपीच्या 8 टक्क्यांच्या आसपास पोहोचली. परदेशी कर्जही चढत गेलं, आणि त्यातलं अल्पमुदतीचं कर्ज जास्त धोक्याचं होतं. मार्च 1991 मध्ये असं कर्ज सुमारे साडेआठ अब्ज डॉलर होतं, आणि गंगाजळी, म्हणजे देशाकडचा परकीय चलनाचा साठा, सोनं धरून सहा अब्जांच्याही आत. म्हणजे कर्ज देणारे एकाच दिवशी वसुलीला दारात आले असते, तर घरातलं सगळं देऊनही भागलं नसतं.

ऑगस्ट 1990 मध्ये इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. तेलाचे भाव काही आठवड्यांत दुप्पट झाले. आखातातून मनीऑर्डरी पाठवणारी आपली माणसं जीव मुठीत घेऊन परतली. नुसत्या कुवेतमधूनच पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांना विमानांनी आणावं लागलं. दिल्लीत सरकारं पडत होती. फेब्रुवारीत पूर्ण बजेटसुद्धा मांडता आलं नाही, लेखानुदानावर, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाच्या तात्पुरत्या मंजुरीवर, भागवलं. हे सगळं बघून अनिवासी भारतीयांनी इथल्या बँकांतल्या ठेवी काढायला सुरुवात केली. गंगाजळी एका टप्प्यावर दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती.

आणि आता सोनं. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं 20 टन सोनं स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडच्या बँकेला गेलं, परत विकत घेण्याच्या अटीवर. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं आणखी जवळपास 47 टन सोनं मुंबईहून विमानानं लंडनला पाठवलं. लोकांना ते जिव्हारी लागलं, आणि साहजिक होतं. घरातलं सोनं सावकाराकडे जाणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पण आता आकडा बघा.

(पडद्यावर: सोन्यातून मिळाले – सुमारे 0.6 अब्ज डॉलर. आयात घटली – साडेचार अब्ज डॉलरहून जास्त.)

दोन्ही वेळचं सोनं मिळून साठ कोटी डॉलरच्या आसपास हाती आले. त्याच वर्षी देशाची आयात सुमारे 24 अब्ज डॉलरवरून साडेएकोणीस अब्जांच्याही खाली आली. जवळजवळ पाचवा हिस्सा कापला गेला. देश कोसळला नाही तो मुख्यतः या कापाकापीमुळे, आणि मंदीही तिथूनच आली.

कशी कापली? इथे थोडं थांबतो, कारण खरी गंमत इथे आहे. गंमत म्हणजे, ज्यांनी भोगलं त्यांना ती वाटली नसेल.

परदेशातून माल मागवायचा तर बँकेत एलसी उघडावी लागते, म्हणजे बँक समोरच्याला पैशांची हमी देते. त्यासाठी ग्राहकाकडून थोडी रक्कम आधी ठेवून घेतात, तिला मार्जिन म्हणतात. ऑक्टोबर 1990 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सांगितलं, निम्मी रक्कम रोख ठेवा. मार्च 1991 मध्ये ती 133 टक्के झाली. एप्रिलमध्ये 200 टक्के.

दोनशे टक्के! समजा, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एक मध्यम कारखाना आहे. त्याला जर्मनीहून 10 लाखांची बेअरिंग हवीत. तर त्यानं आधी 20 लाख रोख बँकेत नेऊन ठेवायचे. माल येईपर्यंत ते पैसे अडकले. वर आयातीसाठी कर्ज काढलं तर व्याजावर 25 टक्के अधिभार. काही प्रकारच्या मालाला यातून सूट होती, पण या माणसाला नाही असं धरू. तो काय करेल? जुनी बेअरिंग घासत राहील. मग एक दिवस लाइन बंद पडेल. दुसरी पाळी बंद, ओव्हरटाइम बंद, त्याला माल पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपची बिलं थकलेली. बाजारात गिऱ्हाईक होतं, माणसं कामाला तयार होती, फक्त डॉलर नव्हते.

जुलैच्या 1 आणि 3 तारखेला रुपया दोन टप्प्यांत उतरवला, साधारण 21 वरून 26 रुपयांना डॉलर. दुसरा टप्पा थांबवता येईल का, असं पंतप्रधान नरसिंह रावांच्या मनात आलं आणि मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेत फोन लावला, तोवर घोषणा होऊन गेली होती, असं सांगतात. रुपया स्वस्त झाला की निर्यात वाढते, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. त्या वर्षी डॉलरमधली निर्यात उलट किंचित घटली. सोव्हिएत संघाची बाजारपेठ कोसळत होती हे एक, आणि निर्यात करणाऱ्यालाही आधी कच्चा माल आयात करावा लागतो हे दुसरं.

आता कुणी म्हणेल, मंदीत सरकारनं खर्च वाढवायचा असतो, व्याजदर खाली आणायचे असतात. 2008 च्या जागतिक मंदीत आपण अगदी तेच केलं. ऑक्टोबर 2008 ते एप्रिल 2009 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजानं उसने पैसे देते तो दर, 9 वरून 4.75 टक्क्यांवर आला, कारखान्यातल्या मालावरच्या अबकारी करात चार टक्क्यांची कपात झाली. 1991 मध्ये नेमकं उलटं केलं. बँक दर, म्हणजे तेव्हाचा रिझर्व्ह बँकेचा मुख्य व्याजदर, जुलैत 10 चा 11 टक्के, ऑक्टोबरमध्ये 12. सरकारी तूट एका वर्षात जीडीपीच्या दोन टक्क्यांनी खाली ओढली. खताचे भाव 40 टक्के वाढवायला घेतले, गदारोळ झाला, मग 30 वर आले आणि लहान शेतकऱ्यांना वगळलं. महागाई ऑगस्टमध्ये 17 टक्क्यांच्या जवळ होती, हेही लक्षात घ्या.

मंदी तीच, मग औषध उलटं का? 2008 च्या शेवटी आपल्याकडे अडीचशे अब्ज डॉलरच्या आसपास गंगाजळी होती. लोकांच्या हातात पैसे दिले, त्यातून आयात वाढली, तरी सोसत होतं. 1991 मध्ये लोकांच्या हातात दिलेला प्रत्येक जादा रुपया कुठेतरी तेलावर, कुठेतरी मशीनवर खर्च होऊन शेवटी डॉलरच मागणार होता. म्हणून मी त्या मंदीला चूक म्हणत नाही. चूक आधीच्या दहा वर्षांत होती. त्याची बिलं भरली मात्र ज्यांनी ती चूक केली नव्हती त्यांनी, आणि त्यांना कुठलं पॅकेज मिळाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

सावरलो मात्र लवकर. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं (आयएमएफचं) कर्ज आलं, स्टेट बँकेच्या इंडिया डेव्हलपमेंट बाँडमध्ये अनिवासींनी दीड अब्ज डॉलरहून जास्त पैसे टाकले, मार्च 1992 ला गंगाजळी नऊ अब्जांवर होती. पुढच्या वर्षी वाढ पुन्हा 5 टक्क्यांच्या पुढे. मार्जिनचं जोखडही टप्प्याटप्प्यानं उतरलं.

आपला चिकलठाण्याचा कारखानदार पुन्हा बँकेत गेला, तेव्हा त्याला 20 लाख ठेवायला कुणी सांगितलं नाही. पण डॉलर महागल्यामुळे 10 लाखांची तीच बेअरिंग आता सव्वाबारा लाखांच्या घरात गेली होती. आणि बजेटनं कमाल आयात शुल्क कमी करून 150 टक्क्यांवर आणून ठेवलं होतं, म्हणजे तो जे बनवत होता तेही आता बाहेरून येऊ शकणार होतं.