कूलरच्या दुकानात कॅबिनेट

(तालुक्याच्या गावी आयटीआयच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मे महिन्यात आपल्याकडे कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायला लागला की लोक आधी लाइनला शिव्या घालतात, मग प्रोसेसरला. ज्या डब्यात हे सगळं बसतं त्या कॅबिनेटकडे कोणी पाहत नाही. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असेल, कारण लग्नसराई आणि ऊन आपल्याकडे जोडीनेच येतात. अकोला-अमरावतीकडे पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या दुकानात कूलर लावूनही खोली ४० च्या खाली येईलच असं नाही.

साधा हिशेब मांडू. डब्यातली हवा खोलीपेक्षा १० अंशांनी गरम असते असं धरा, आणि जोर लावून काम करणारा प्रोसेसर त्या हवेपेक्षा आणखी ४० अंशांनी. खोली २५ अंशांची असेल तर प्रोसेसर ७५ वर राहतो, काही बिघडत नाही. तीच खोली ४२ ची झाली की आकडा ९२ होतो. बरेचसे प्रोसेसर ९५ ते १०० च्या दरम्यान स्वतःला वाचवायला वेग कमी करतात. पंख्याने प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही, त्यामुळे ऊन आपल्या हातात नाही. मधले ते १० अंश मात्र आहेत, आणि ते डब्यावर ठरतात. समोर अख्खी काच, आत रंगीत दिवे आणि हवेला जायला बोटभर फट, असं कॅबिनेट एसीतल्या दिवाणखान्यात शोभतं. आपल्या कामाचं नाही.

तेव्हा डबा आपणच करू असं ठरवून मी पुण्या-मुंबईला न जाता गावातल्या कूलरवाल्याकडे गेलो. विदर्भात असं दुकान नसलेलं तालुक्याचं गाव दाखवा! पत्रा कापायचा, वाकवायचा, झरोके पाडायचे, पंखा बसवायचा, हे काम तिथे हिवाळ्यापासून सुरू असतं. कागदावर काढलेलं चित्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि विचारलं, "भाऊ, डब्बा तं होऊन जाईन. हवा कुठून घेतं अन् कुठून फेकतं, थे सांग आंधी." कॅबिनेटचा आराखडा काढताना पहिला प्रश्न हाच असतो. कूलरला तीन बाजूंनी ओल्या गवताच्या ताट्या असल्या तरी खोलीची खिडकी उघडी नसेल तर नुसती चिकचिक होते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

आता हवा किती लागते ते पाहू. यंत्र ३०० वॅट उष्णता टाकत असेल आणि हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला साधारण ६० घनफूट हवा आरपार जायला हवी. १२० मिलिमीटरचा एक चांगला पंखा मोकळ्यात एवढी हवा देतो. त्याच्यापुढे जाळी आली की हा आकडा बराच घसरतो. म्हणून पुढे दोन पंखे आत घेणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा जास्त असली की डब्यात किंचित दाब राहतो आणि बारीकसारीक फटींतून हवा बाहेरच जाते. उलटं केलं तर प्रत्येक फट धूळ ओढते. आपल्याकडे नुसती धूळही नसते. कापसाच्या जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू तरंगतात आणि प्रोसेसरच्या पंख्याखालच्या धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये असे बसतात, की उघडून पाहिलं तर जणू कोणी गोधडी पांघरली आहे.

जाळीबद्दल जरा जास्त बोलतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. भोकं पाडलेला पत्रा पाहून वाटतं, केवढा मोकळा आहे. दोन मिलिमीटरची भोकं तीन-तीन मिलिमीटरवर तिरप्या रांगांत असतील तर उघडी जागा भरते फक्त ४० टक्के. बाकी ६० टक्के पत्राच. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड साधारण ११३ चौरस सेंटिमीटर, दोघांचं मिळून २२६. त्यांच्या तोंडावर हीच जाळी चिकटवली तर हवा येणार ९० चौरस सेंटिमीटरमधून, म्हणजे पंखे गुदमरणार आणि घुरघुरणार. त्याऐवजी डब्याची पुढची पूर्ण बाजूच जाळीची करा. वीस सेंटिमीटर रुंद, ४५ उंच, म्हणजे ९०० चौरस सेंटिमीटर. त्याचे ४० टक्के ३६०. त्यामागे मच्छरदाणीचं कापड लावलं तरी पंख्यांना पुरतं. जाळी आणि पंखा यांच्यात दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा, म्हणजे हवा सगळ्या जाळीतून येते. नाहीतर पंख्यासमोरचा गोल तेवढा काळा होतो आणि बाकीची जाळी नवीकोरी राहते. जाळीने पाल, झुरळ आणि उंदराचं पिल्लूही अडतं, हा आपल्याकडचा जास्तीचा फायदा.

कूलरवाल्याला जमणार नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे मदरबोर्डची, म्हणजे प्रोसेसर आणि कार्डं ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाची, पाठ. तिथे मिलिमीटरचीही चूक चालत नाही. स्क्रूची भोकं, मागच्या कनेक्टरची खिडकी, आणि एकमेकांपासून २०.३२ मिलिमीटर अंतरावरचे कार्डांचे स्लॉट, सगळं एका रेषेत लागतं. पण एटीएक्स हे मदरबोर्डचं ठरलेलं माप इंटेलने १९९५ साली आणलं आणि भोकांच्या जागा आजही त्याच आहेत. मग भंगारातलं जुनं एटीएक्स कॅबिनेट किलोच्या भावाने आणा, त्याची पाठ आणि बोर्डाचा पत्रा जोडलेलाच कापून घ्या आणि बाकी डबा त्याभोवती उभा करा. यात कमीपणा काही नाही. फक्त रुंदी जुनी ठेवू नका. प्रोसेसरवर बसणारे आजचे उंच कूलर १६० मिलिमीटरपर्यंत जातात, तेव्हा बोर्डापासून झाकणापर्यंत १७० तरी मोकळे हवेत.

पत्रा वीस गेजचा घ्या, म्हणजे साधारण एक मिलिमीटर. कापण्याआधी त्याच पत्र्याची १०० मिलिमीटरची पट्टी मधोमध काटकोनात वाकवा आणि दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज १०२ च्या आसपास भरेल. म्हणजे दर घडीला हे वाढलेले दोनेक मिलिमीटर आधीच वजा करायचे. ज्या मशीनवर डबा वाकवणार त्याच मशीनवर पट्टी वाकवा, कारण मशीन बदललं की फरकही बदलतो. त्याआधी टीव्हीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना करा, त्यात केबल फिरवून बघा. पुठ्ठा चुकला तर कात्री आहे. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वेल्ड करू नका, जस्ताचा धूर छातीला वाईट. पॉप रिव्हेट पुरतात. आणि बोर्ड बसवल्यावर ड्रिल डब्याजवळ फिरकवायचं नाही, लोखंडाचा एक कीस शॉर्ट करायला पुरतो.

चालू करायच्या बटणासाठी बाजारात शोधाशोध नको. दाबलं की क्षणभर दोन पिना जुळतात, एवढंच त्याचं काम. दारावरच्या बेलचं बटण झकास चालतं. माझ्या दुकानात तेच आहे, आणि गिऱ्हाईक हमखास दाबतं.

अर्थिंगचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात, टेस्टर मंद पेटतो, आणि लोक म्हणतात सप्लाय, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला भाग, खराब. बहुतेक वेळा सप्लाय ठीक असतो. त्यातल्या फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून डब्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर डबा २३० च्या जवळपास निम्म्या व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा असतो, पण खरोखरचा दोष झाला तर वाचवणारं काही उरत नाही. सप्लायच्या स्क्रूखालचा रंग खरवडा, पत्र्याला पत्रा भिडू द्या, आणि तीन पिनांच्या प्लगमागे खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर उन्हाळ्यात पाणी घाला.

सागाचा डबा केला तर? असं मघाशी एकाने विचारलं. गडचिरोलीतल्या आलापल्लीकडचा साग देखणाच, हरकत नाही. पण लाकूड विजेच्या लहरी अडवत नाही, जवळच्या रेडिओला खरखर येऊ शकते. आतून पत्र्याचं अस्तर लावून ते अर्थिंगला जोडा.

दुसऱ्याने विचारलं, कूलरसमोर ठेवला तर थंड राहील ना? दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या मुलांना मी निक्षून नाही म्हणेन. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं आहे तिथलं, पाणी कूलरमधून थेंबाथेंबाने उडतं आणि वाळल्यावर बोर्डावर पांढरा क्षार सोडतं. तो क्षार तांबं खातो, आणि ओल धरली की त्यातूनच वीज वाहते. कूलरची हवा खोलीत येऊ द्या, पण झोतापासून बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर डबा ठेवा. जाळीची दोन कापडं शिवून घ्या, म्हणजे एक धुऊन वाळत घातलं तरी दुसरं लावता येतं. ओलं कापड परत लावायची घाई होत नाही. दिवाळीनंतर कापूस निघतो तेव्हा कापड दर आठवड्याला बदला, एरवी महिन्याने चालेल.