टाके, टाकी आणि टँक

अध्यक्ष महोदय, मंडळाचे सभासद आणि मित्रहो,

गेल्या महिन्यात आमच्या घरी पाण्याची धार बारीक झाली, म्हणून प्लंबरला बोलावले. तो माळ्यावर चढला आणि टँकमधला व्हॉल्व्ह अडकल्याचे त्याने वरूनच सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नातीने विचारले, "आजी, आपण टाकी म्हणतो ते यावरूनच आले ना?" तिचा समज स्वाभाविक होता, कारण टेबल, बस, पेन्सिल असे कितीतरी शब्द आपण इंग्रजीकडून घेतल्याचे तिला ठाऊक आहे. टँक हा शब्द मात्र इंग्रजांनी हिंदुस्थानात ऐकला आणि उचलला.

१८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी या शब्दाला दुहेरी मूळ असल्याचे म्हटले आहे. एक मूळ आपल्या पश्चिम भारतातले, म्हणजे मराठीतले टाके आणि त्याची गुजराती-राजस्थानी भावंडे. दुसरे पोर्तुगीज भाषेतले, जे लॅटिनमधील साचलेल्या पाण्याच्या शब्दाशी जोडले जाते आणि ज्याचा उच्चार टाक्याच्या इतका जवळचा आहे की गोवा, वसई, सुरत या बंदरांत दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले असतील, तर नवल नाही. तरीही आपल्या बाजूचा पुरावा मला भक्कम वाटतो. १६१६ मध्ये सुरतेला उतरलेले आणि जहांगीराच्या दरबारातील इंग्रज राजदूत सर टॉमस रो यांच्याकडे राहिलेले पाद्री एडवर्ड टेरी लिहितात की, या देशात नद्यांखेरीज पुष्कळ तळी आहेत आणि इथले लोक त्यांना 'टँक' म्हणतात. शब्द इथल्या लोकांचा आहे, असे ते स्वतःच नोंदवतात.

आता टाके म्हणजे काय, हे इथे ब्रिटनमध्ये वाढलेल्या मुलांसाठी थोडे सविस्तर सांगते, कारण कापड शिवताना घालतो ते टाकेच त्यांना माहीत असतात. सह्याद्रीचा काळा कातळ घट्ट असतो. त्यात खोल चौकोनी कुंड खोदले की पावसाचे किंवा झऱ्याचे पाणी त्यात वर्षभर टिकते. शिवनेरीवरची गंगा आणि जमुना ही टाकी किंवा सिंहगडावरचे देवटाके आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काही ठिकाणी खडक पोखरत आत जाताना छत कोसळू नये म्हणून मध्ये दगडाचे खांब राखलेले असतात. त्यांना गडप्रेमी खांबटाकी म्हणतात, आणि उन्हाळ्यातही त्या सावलीतले पाणी हाताला गार लागते. दगड फोडायच्या छिन्नीलाही मराठीत टाकीच म्हणतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आपण सारेच ऐकत आलो आहोत. छिन्नीची टाकी आणि तिने कोरलेले टाके हे एकाच घरचे शब्द असावेत, असे मला मनापासून वाटते. वस्तू मात्र या शब्दाहून जुनी आहे. नाणेघाटातल्या प्राकृत शिलालेखात सोपाऱ्याच्या गोविंददासाने टाके दान केल्याची नोंद आहे आणि तिथे शब्द येतो तो 'पोढी'.

इंग्रजांच्या मुंबईत टँक म्हणजे तलाव. सी. पी. टँक हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे, पण तिथला तलाव उरलेला नाही. ज्या गोवालिया टँक मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'ची हाक दिली गेली, त्या नावातही गवळ्यांचा तलाव आहे.

या शब्दाचे पुढचे वळण आपण राहतो त्या ब्रिटनमधलेच आहे. पहिल्या महायुद्धात लिंकन शहरातील शेतीची यंत्रे बनवणाऱ्या विल्यम फॉस्टर यांच्या कारखान्यात एक चिलखती वाहन गुप्तपणे तयार होत होते. त्या अवजड लोखंडी पेट्या पाहून कोणाला संशय येऊ नये म्हणून त्या मेसोपोटेमियाच्या वाळवंटासाठी पाण्याच्या टाक्या असल्याचे भासवले गेले. १९१५ च्या अखेरीस नावाचा विचार झाला तेव्हा 'सिस्टर्न' आणि 'रिझर्व्हॉयर' हे शब्दही समोर होते, परंतु आटोपशीर म्हणून 'टँक' निवडला गेला. १५ सप्टेंबर १९१६ रोजी ही वाहने फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर प्रथम उतरली आणि पाणी साठवण्याचा हा शब्द जगातील अनेक भाषांत तोफ वाहणाऱ्या यंत्राचे नाव झाला.

मराठीने त्या यंत्रासाठी रणगाडा हा स्वतंत्र शब्द घडवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यामुळे टाके आणि टाकी आपल्याकडे पाण्याचीच राहिली. टँकर तेवढा इंग्रजी प्रत्यय लावून परत आला. मराठवाड्यातील माझ्या माहेरच्या गावी एप्रिल-मेमध्ये विहीर आटली की तो येऊन विहिरीत पाणी ओततो, आणि बायका हंडे-कळश्या घेऊन काठावर पिण्याचे पाणी शेंदायला उभ्या राहतात.