बॉक्स प्लॉटची सेटिंग नेमकी कुणाच्या ताब्यात?

(ठाण्यात सांख्यिकीचे विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, 'आर' या सांख्यिकीच्या संगणकभाषेत बॉक्स प्लॉट काढायला एक ओळ पुरते. (बॉक्स प्लॉट म्हणजे आकड्यांचा मधला निम्मा भाग चौकटीत, त्याबाहेरचे आकडे मिश्यांनी, म्हणजे रेषांनी, आणि फार दूरचे ठिपक्यांनी दाखवणारं चित्र.) तो छापण्याजोगा करायला मात्र दुपार जाते. बहुतेकांची अडचण एकच असते. जी सेटिंग बदलायला हवी ती कुणाच्या ताब्यात आहे हे न बघता ते दिसेल त्या आर्ग्युमेंटशी, म्हणजे फंक्शनला द्यायच्या पर्यायाशी, झटापट करतात. म्हणून आज आर्ग्युमेंटांची यादी पाठ करायची नाही. चौघे मालक ओळखायचे: बॉक्समागचं गणित, बॉक्सचं चित्र, भोवतालचा कागद आणि ज्या डिव्हाइसवर चित्र उमटतं ते डिव्हाइस, म्हणजे पडदा किंवा फाइल. पहिल्याला हात लावलात की निष्कर्ष बदलतो. बाकी तिघांना लावलात तर फक्त रूप बदलतं.

एक सूचना आधीच. फंक्शनांची नावं मी बोलतो तशी ऐका, टाइप मात्र रोमन लहान अक्षरांत करा. आर लहान-मोठ्या अक्षरांत फरक करते.

उदाहरण नवी मुंबईचं घेऊ. महापालिकेचे आठ विभाग उत्तरेकडून दक्षिणेकडे असे: दिघा, ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, वाशी, नेरूळ, बेलापूर. प्रत्येक विभागातल्या काही सोसायट्यांचा माणशी रोजचा पाणीवापर लिटरमध्ये घेतला आहे असं समजा. आकडे सरावासाठी बनवलेले आहेत, ते कुणी बातमीत घालू नका.

आधी गणित. एका विभागातल्या आठ सोसायट्या: ९०, ११०, १२०, १३०, १४०, १५०, १६०, २१०. मध्यक, म्हणजे मधलं मूल्य, १३५. आता चतुर्थकं, म्हणजे खालच्या आणि वरच्या पाव भागाच्या सीमा, काढा. आरच्या मूळ 'बॉक्सप्लॉट' फंक्शनमागे 'फाइव्हनम' हे फंक्शन आहे, आणि ते सांख्यिकीतज्ज्ञ जॉन ट्युकीची 'हिंज' वापरतं, म्हणजे खालच्या निम्म्याचा मध्यक आणि वरच्या निम्म्याचा मध्यक. इथे ते ११५ आणि १५५. बॉक्सची उंची ४०. तिची दीडपट ६०, म्हणून वरची हद्द १५५ अधिक ६०, म्हणजे २१५. हद्दीपलीकडचा आकडा ठिपका होतो. आपली २१० ची सोसायटी आत बसली, बाहेर ठिपका नाही.

हेच आकडे 'जीजीप्लॉट २' या आरच्या चित्रं काढणाऱ्या पॅकेजला द्या. ते 'क्वांटाइल' फंक्शनची नेहमीची सातव्या प्रकारची रीत वापरतं. चतुर्थकं येतात ११७.५ आणि १५२.५. उंची ३५, दीडपट ५२.५, वरची हद्द २०५. झालं, २१० ची सोसायटी आउटलायर, म्हणजे हद्दीबाहेरची! आकडे तेच, भाषाही तीच, पण एका चित्रात ठिपका आहे आणि दुसऱ्यात नाही. दोन्ही बरोबर आहेत. निरीक्षणांची संख्या विषम असेल तर हिंज आणि ही चतुर्थकं जुळतात, सम असेल तर फारकत होते. संख्या मोठी असली की फरक नगण्य होतो, पण आठ-दहा निरीक्षणांच्या प्रकल्पात दोन विद्यार्थ्यांची चित्रं जुळत नाहीत त्याचं कारण बहुधा हेच असतं. तेव्हा चित्राखाली कोणतं फंक्शन वापरलं ते लिहा.

ही दीडपट ठरवणारं आर्ग्युमेंट म्हणजे 'रेंज'. नाव फसवं आहे, अक्षाच्या मर्यादेशी त्याचा संबंध नाही. मूळ किंमत १.५. शून्य दिलीत तर मिश्या थेट किमान आणि कमाल मूल्यापर्यंत जातात आणि ठिपके उरत नाहीत. काही जण ठिपके नकोत म्हणून शून्य देतात. मग मिश्या लांबतात आणि वाचकाला वाटतं की पसाराच मोठा आहे. ठिपके केवळ लपवायचे असतील तर 'आउटलाइन' फॉल्स करा, मिश्या जागच्या जागी राहतात. आउटलायर डेटामधूनच काढून टाकून पुन्हा प्लॉट काढणं तर मुळीच नको. चतुर्थकं नव्याने मोजली जातात, हद्द आत सरकते आणि काल सभ्य असलेले दोन-तीन आकडे आज बाहेरचे ठरतात.

ठिपका दिसला म्हणजे आकडा चुकीचा, असंही नाही. अगदी प्रसामान्य, म्हणजे घंटेच्या आकाराच्या सममित वितरणातसुद्धा या नियमाने सुमारे ०.७ टक्के मूल्यं बाहेर पडतात. घातांकी वितरणात, म्हणजे एका बाजूला लांब शेपूट असताना, सुमारे ४.८ टक्के पडतात. पाणीवापर, उत्पन्न, पाऊस, थांब्यावर वाट पाहण्याचा वेळ हे सगळे शेपूटवाले.

शेपूट दिसली की हात लॉगकडे जातो. इथेही गणित आणि चित्र यांची गल्लत होते. मूळ बॉक्सप्लॉटमध्ये 'लॉग' बरोबर अवतरणात 'वाय' दिलं, तर हद्दी मूळ आकड्यांवर मोजल्या जातात आणि फक्त अक्ष लॉगचा होतो. त्यामुळे लॉगच्या चित्रात बॉक्स छान सममित दिसतो, तरी वर ठिपक्यांची रांग तशीच उभी असते. हद्दीही लॉगवरच मोजायच्या असतील तर आकड्यांचा लॉग आधी घ्या आणि मग प्लॉट काढा. जीजीप्लॉटमधलं 'स्केल वाय लॉग टेन' आधी रूपांतर करतं, मग मोजतं. म्हणजे वागणूक उलटी. शून्य मूल्यं असतील तर दोन्हीकडे अडेल, कारण शून्याचा लॉग नसतो.

आता 'नॉच', बॉक्सच्या कमरेची खाच. मॅकगिल, ट्युकी आणि लार्सन यांनी १९७८ मध्ये मांडलेली. मध्यकाच्या दोन्ही बाजूंना १.५८ गुणिले बॉक्सची उंची भागिले निरीक्षणसंख्येचं वर्गमूळ, एवढं अंतर. दोन खाचा एकमेकींवर येत नसतील तर मध्यक वेगळे असल्याचा तो चांगला पुरावा मानतात. आपल्या आठ सोसायट्यांना लावून बघा. १.५८ गुणिले ४० भागिले २.८३, म्हणजे सुमारे २२.३. खाच जाते ११२.७ पासून १५७.३ पर्यंत. पण बॉक्सच ११५ ते १५५ आहे! खाच बॉक्सबाहेर गेली की कडा उलट्या दुमडतात, चित्र विचित्र दिसतं आणि आर इशारा देते की काही खाचा हिंजच्या बाहेर गेल्या. तो बग नव्हे. सूत्रातून सरळ दिसतं की निरीक्षणं ९ किंवा कमी असतील तर खाच निदान एका बाजूने बाहेर जाणारच. अशा गटांना खाच लावूच नये.

'व्हारविड्थ' ट्रू केलं की बॉक्सची रुंदी गटातल्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. नेरूळच्या १०० सोसायट्या आणि दिघ्याच्या २५ असतील तर रुंदी दुप्पट होईल, चौपट नाही. वाचकाला हे कळत नाही, म्हणून मी तरी संख्या लिहून टाकतो. बॉक्सप्लॉटचं उत्तर एका नावात साठवा. त्या यादीत 'स्टॅट्स', 'एन', 'कॉन्फ', 'आउट', 'ग्रुप', 'नेम्स' असे भाग मिळतात. त्यातला 'एन' घेऊन 'एमटेक्स्ट'ने वरच्या कडेला प्रत्येक बॉक्सच्या डोक्यावर लिहा. स्थान द्यायचं ते १ ते ८.

विभागांचा क्रम हाही कागदाचा नाही, डेटाचा प्रश्न. आर अक्षरानुक्रम लावते. उत्तर-दक्षिण क्रम हवा तर 'फॅक्टर'च्या 'लेव्हल्स'मध्ये तो क्रम द्या. मध्यकानुसार हवा तर 'रीऑर्डर' वापरा. एक जागा इथे हमखास घात करते. फाइलमध्ये काही ठिकाणी 'नेरूळ' आणि काही ठिकाणी 'नेरुळ' असेल, आणि लेव्हल्समध्ये तुम्ही एकच रूप दिलं असेल, तर दुसऱ्या रूपाच्या सगळ्या ओळी एकही इशारा न देता 'एनए', म्हणजे गहाळ, होतात. प्लॉट देखणा येतो, सोसायट्या गायब. फॅक्टर केल्यावर 'टेबल' फंक्शनमध्ये 'यूजएनए' ऑलवेज ठेवून मोजणी बघा.

बॉक्सच्या चित्राबद्दल फार वेळ घेत नाही. 'कोल' आतला रंग. आर ४.० पासून तो मुळातच फिकट करडा असतो. 'बॉर्डर' कडा, मिश्या आणि ठिपके सगळ्यांना एकदम रंगवतो. सुटं काही बदलायचं तर नावं ठरलेल्या साच्यात आहेत: 'बॉक्स', 'मेड', 'व्हिस्क', 'स्टेपल' (मिशीच्या टोकाची रेघ), 'आउट' यांपैकी एक, आणि त्याला जोडून 'एलटीवाय' (रेषेचा प्रकार), 'एलडब्ल्यूडी' (जाडी), 'कोल' (रंग), 'पीसीएच' (चिन्ह), 'सेक्स' (आकार) यांतलं लागू असेल ते. (शेवटचं सी-ई-एक्स हो, वर्गात सुटी अक्षरंच उच्चारा.) मिश्या तुटक येतात, सलग हव्या तर व्हिस्क-एलटीवाय १. ठिपक्यांना कडा एका रंगाची आणि पोट दुसऱ्या रंगाचं हवं तर पीसीएच २१ ते २५ यांतलं चिन्ह घ्या, पोटाचा रंग 'आउटबीजी' देतो. बॉक्सची रुंदी 'बॉक्सवेक्स', मुळात ०.८.

बॉक्सवर सगळे ठिपके पसरून दाखवायचे असतील तर 'स्ट्रिपचार्ट' वापरा. 'मेथड' जिटर, 'व्हर्टिकल' ट्रू, 'अ‍ॅड' ट्रू. आउटलाइन फॉल्स केलं नाही तर बाहेरची सोसायटी दोनदा दिसते, एकदा बॉक्सप्लॉटची आणि एकदा स्ट्रिपचार्टची. आणि आउटलाइन फॉल्स केलं की अक्ष मिश्यांपुरताच आखला जातो, मग तीच सोसायटी चित्राबाहेर कापली जाते. म्हणून 'वायलिम' हाताने द्या, सगळ्या आकड्यांची 'रेंज' काढून. हा 'रेंज' वेगळा, हे किमान-कमाल सांगणारं फंक्शन आहे.

आता कागद. आठ विभागांचा प्लॉट काढलात की कोपरखैरणे हे नाव बहुधा दिसणार नाही. नावं एकमेकांना भिडत असतील तर आर काही नावं मुकाट्याने गाळते. डेटा तपासत बसू नका. 'लास' ही सेटिंग २ केली की नावं अक्षाला काटकोनात उभी राहतात आणि सगळी दिसतात, पण आता खालून कापली जातात. कारण खालचं मार्जिन 'पार' फंक्शनच्या 'मार'मध्ये आहे: ५.१, ४.१, ४.१, २.१. क्रम खाल, डावं, वर, उजवं, घड्याळाच्या काट्यासारखा. एकक मजकुराच्या ओळी, आणि नेहमीच्या आकारात एक ओळ ०.२ इंचाची. खाली ८ ओळी द्या, नावं मावतील. पण अक्षाचं शीर्षक अजून तिसऱ्या ओळीवरच छापलं जाईल, नावांच्या डोक्यावर, कारण 'एमजीपी'ची पहिली किंमत ३ आहे. 'एक्सलॅब' रिकामं ठेवा आणि शीर्षक 'टायटल' फंक्शनने 'लाइन' ६.५ देऊन वेगळं लिहा.

याहून सोपा उपाय म्हणजे प्लॉट आडवा करा. 'हॉरिझॉन्टल' ट्रू, लास १, डावं मार्जिन ८. मान वाकडी न करता नावं वाचता येतात. तीन गोष्टी मात्र लक्षात घ्या. पहिला गट तळाशी जातो, म्हणून लेव्हल्स 'रेव्ह'ने उलटा. आकड्यांच्या अक्षाची मर्यादा आडव्या प्लॉटमध्येही 'वायलिम'नेच द्यायची. आणि १३५ लिटरची रेषा, भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी माणशी रोजच्या पुरवठ्याचं जे मानक धरतात ती, 'एबीलाइन'मध्ये आता 'एच'ऐवजी 'व्ही'ने काढायची.

एका पानावर चार प्लॉट हवे तर 'एमएफरो'. दोन बाय दोन केलं की अक्षरं आपोआप ०.८३ पट होतात, तीन किंवा जास्त ओळी अथवा स्तंभ झाले की ०.६६ पट. म्हणून आधी एमएफरो, मग अक्षरांचा आकार. उलट केलंत तर तुमचा आकार पुसला जातो. पार बदलताना जुन्या किमती एका नावात साठवा, पार त्या परत देतं, आणि काम झालं की तेच नाव पारला देऊन मूळपदावर या. स्वतःचं फंक्शन लिहीत असाल तर हे काम 'ऑन डॉट एक्झिट'मध्ये घाला, मध्येच एरर आली तरी ते होतं. आरस्टुडिओत 'फिगर मार्जिन्स टू लार्ज' अशी एरर आली तर बहुतेक वेळा कोड ठीक असतो, प्लॉटची चौकट लहान असते. ती ओढून मोठी करा.

शेवटचा मालक डिव्हाइस, आणि सगळ्यात जास्त वेळ तोच खातो. पारच्या सेटिंग डिव्हाइसला चिकटलेल्या असतात. आधी पार आणि मग 'पीएनजी' लिहिलंत तर मार्जिन पडद्याच्या चौकटीचं बदललं, फाइलचं नाही. क्रम असा: पीएनजी उघडा, पार द्या, प्लॉट काढा, 'डेव्ह डॉट ऑफ'ने बंद करा. बंद करायचं विसरलात तर फाइल अर्धवट राहते आणि पुढचे प्लॉटही तिच्यातच जातात.

पीएनजी मुळात ४८० बाय ४८० पिक्सेलची, इंचाला ७२. छपाईसाठी कुणी रुंदी २४०० करतो आणि 'रेस' तसंच ठेवतो. आरच्या लेखी तो ३३ इंचांचा कागद झाला, त्यावर १२ पॉइंटची अक्षरं. पानात बसवायला लहान केलं की ती मुंगीएवढी. बरोबर रीत: रुंदी ६.५, उंची ४.५, 'युनिट्स' इंच, रेस ३००. फाइल १९५० बाय १३५० पिक्सेलची होते आणि अक्षरं छापल्यावर १२ पॉइंटचीच राहतात.

देवनागरी नावांसाठी साधं 'पीडीएफ' डिव्हाइस चालत नाही, 'कैरो पीडीएफ' घ्या. पीएनजी हवी तर 'रॅग' पॅकेजचं 'एजीजी पीएनजी' घ्या, जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसतात. फॉन्टचं नाव 'फॅमिली'त द्या, उदाहरणार्थ नोटो सॅन्स देवनागरी, पण तो यंत्रावर बसवलेला हवा. विंडोजवर जुनी आवृत्ती असेल तर अक्षरांऐवजी कोनी कंसातले सांकेतिक आकडे दिसू शकतात. ४.२ पासून विंडोजवरही आर यूटीएफ-८ ही सगळ्या लिप्या सामावणारी संकेतपद्धती वापरते, तेव्हा आवृत्ती बदला.

जीजीप्लॉटमध्ये अक्ष छोटा केल्यावर बॉक्स का हलतो, असा प्रश्न मागून आला. 'स्केल वाय कंटिन्यूअस'मध्ये 'लिमिट्स' दिल्या की मर्यादेबाहेरचे आकडे आधी काढून टाकले जातात आणि मग चतुर्थकं मोजली जातात. काही ओळी काढल्याचा इशारा येतो, तो वाचा. आपल्या आठ आकड्यांत वरची मर्यादा २०० दिलीत तर २१० जाईल, उरलेल्या सातांचा मध्यक १३० होईल. फक्त भिंग लावून बघायचं असेल तर मर्यादा 'कोऑर्ड कार्टेशियन'मध्ये द्या. मध्यक १३५ च राहील.