जागलीचे कान

(३ मार्च, जागतिक श्रवण दिनानिमित्त ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आधी कायद्याचं बोलून मोकळा होतो. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौसेच्या शिकारीचा जमाना संपला. आज गावात बंदूक असलीच तर ती पीक संरक्षणाच्या परवान्याची, आणि तीसुद्धा रानडुकरावर रोखायची तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. ती कोणाकडे आहे नि कोणाकडे नाही, हे विचारायला मी आलेलो नाही. मी कानाचा डॉक्टर, रात्री पिकाची राखण म्हणजे जागल करणाऱ्यांच्या कानांविषयी बोलायला आलोय. माझ्याकडे जुने शिकारी येतात, परवानेवाले कास्तकार येतात, निवृत्त फौजी येतात. आणि जन्मात बंदुकीला हात न लावलेले, नुसते सुतळी बॉम्ब फोडून डुकरं हाकलणारेही येतात. तपासणीचा कागद सगळ्यांचा सारखाच दिसतो.

आपण दोघं बोलत बसलो तर आवाज साधारण ६० डेसिबल. बारा बोअर बंदुकीचा बार चालवणाऱ्याच्या कानाशी १५० ते १६० च्या घरात जातो. ऐकायला अडीच पट वाटतं, पण डेसिबलचा हिशेब तसा नाही. दर १० डेसिबलला आवाजाची ताकद दहापट होते. म्हणजे ६० वरून १६० वर गेलात की हजार कोटी पट! १४० च्या वरचा एकच दणका कान कायमचा बिघडवू शकतो. मोठा आवाज झाला की कानातला एक बारका स्नायू आखडतो, थोडा बचाव करतो. पण त्याला आखडायला सेकंदाचा दहावा हिस्सा लागू शकतो आणि बार त्याच्या आत होऊन गेलेला असतो. मार बसतो तो आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशींना. कोंबडीच्या केसपेशी मेल्या तर पुन्हा उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. म्हणून अशा बहिरेपणावर गोळी नाही, तेल तर नाहीच. कोमट तेलात लसूण तळून कानात सोडणारे इथं बसलेत, मला माहीत आहे.

आता जागलीचं. बंदुकीनं कान जातो तो आधी ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात, बहुधा ४,००० च्या आसपास. हा बारीक, तीक्ष्ण आवाजांचा पट्टा. वाळलेल्या पानांवरची खसखस त्यात येते, बोलण्यातले स, श, त, क हेही बरेचसे त्यातच. डुकराचं गुरगुरणं खालच्या पट्टीतलं, ते ऐकू येतं. त्यामुळे माणूस म्हणतो, "मले तं सारं आयकू येते, लोकंच तोंडातल्या तोंडात बोलतात." घरच्यांचं बोलणं निसटतं, सात म्हटलं की आठ ऐकू येतं. आणि धुऱ्यावरून आत शिरलेलं जनावर गुरगुरेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. आपल्या भागात नुसतं डुक्कर नसतं, वाघही असतो, हे मी तुम्हाला काय सांगावं.

उजव्या खांद्यावरून बार काढणाऱ्याचा डावा कान जास्त जातो. डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. पण ज्याची काळजी कोणीच करत नाही तो म्हणजे शेजारी बॅटरी धरून उभा असलेला पोरगा. तो अर्धं पाऊल पुढं सरकला की नळीचं तोंड त्याच्या कानाशी येतं. वरून टिनाचं छप्पर असेल तर आवाज आपटून परत येतो तो वेगळा.

मग दोन कामं उरतात. जे ऐकू येत नाही ते ऐकू यावं, आणि जेवढा कान शिल्लक आहे तेवढा टिकावा. ही कामं वेगळी आहेत. एकच वस्तू घेऊन दोन्ही साधेल, या आशेनं लोक पैसे घालवतात.

ऐकण्याच्या मशीनचं आधी. ती घेण्याआधी कानाची चाचणी, ऑडिओग्राम, झालीच पाहिजे. बाजारात पाचशे-हजाराला मिळतो तो नुसता भोंगा. तो सगळंच वाढवतो: पंखा, ट्रॅक्टर, गुरगुरणंसुद्धा. तुम्हाला हवी खसखस, आणि कानात शिरतो मोटारीचा घरघराट. खरी मशीन तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे बसवतात: जिथं कान गेला तिथंच वाढ, आणि सर्वांत मोठा आवाज किती सोडायचा त्यालाही मर्यादा. दोन्ही कान गेले असतील तर मशीनही दोन. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांत पोचण्याच्या फरकावरून ओळखतो, आणि तो फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. एकाच कानात मशीन घातली तर डुक्कर आलंय एवढं कळेल, तुरीत शिरलंय की हरभऱ्यात ते कळायला कठीण.

आणखी एक, दुकानदार आपणहून सांगत नाही. आजच्या डिजिटल मशीनमध्ये गोंगाट दाबायची आणि फक्त समोरचं ऐकायची सोय असते. लग्नाच्या मांडवात ती बरी. मचाणावर घात करते; तुम्हाला मागचंही ऐकायचं असतं, आणि मशीन खसखशीलाच गोंगाट समजून दाबू शकते. म्हणून बसवताना सांगा, एक प्रोग्राम वावरासाठी वेगळा करा: चारी बाजूंचं ऐकू येईल असा, गोंगाट दाबणं बंद केलेला. पाच मिनिटांचं काम आहे. त्याला नाही म्हणणाऱ्याकडून मशीन घेऊ नका.

आता बचाव. मशीन म्हणजे बचाव नव्हे. आजकालच्या मशीनच्या टोकाला जाळीदार रबरी टोपी असते, तिच्या भोकांतून बार सरळ आत जातो. मशीन बंद करून कानात ठेवली तरी तेच.

कापसाचा बोळा? कापूस आपल्याकडे मुबलक, पण बारापुढं तो नसल्यासारखाच. फोमचे प्लग घ्या, दोन चहाच्या पैशात जोडी येते. पण ते घालायची रीत आहे. (इथं पुढच्या रांगेतल्या एका काकाजींना बोलावलं.) काकाजी, बोटं स्वच्छ पुसा. प्लग बोटांत वळून वातीएवढा बारीक करा. आता दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढा, म्हणजे नळी सरळ होते. सारा आत, आणि बोटानं तीस सेकंद धरून ठेवा, फुगेपर्यंत. बघा, समोरून प्लग दिसत नाही. नुसता तोंडाशी टेकवला तर पाकिटावर ३३ डेसिबलचा बचाव लिहिलेला असो की आणखी काही, पदरात पडतं त्याच्या निम्म्याहून कमी. बंदुकीसाठी प्लग आणि वरून इअरमफ, म्हणजे कान झाकणारे कप, दोन्ही लावा. बेरीज होत नाही. जास्त ताकदीच्या वस्तूवर पाचेक डेसिबल वाढतात. बारापुढं तेवढेही मोलाचे आहेत.

जागलीला खरा उपयोगी इलेक्ट्रॉनिक इअरमफ. बाहेर मायक्रोफोन असतात, हळू आवाज वाढवून आत देतात आणि आवाज ८५ डेसिबलच्या आसपास गेला की वाढवणं थांबवतात. बार अडवतो तो कपच. म्हणून कप कानाभोवती घट्ट बसला पाहिजे. चष्म्याची जाड काडी किंवा आत अडकलेला दुपट्टा, एवढ्यानंही फट पडते. दोन्ही बाजूंना वेगळा मायक्रोफोन असलेलाच घ्या, नाहीतर डावं-उजवं कळत नाही. बाहेरचा कान झाकला गेल्यानं पुढचं-मागचं तरीही थोडं फसतं, हे धरून चाला. वाऱ्यात घूं घूं आवाज येतो, मे महिन्यात घामानं जीव नकोसा होतो. तरी माझं मत त्याच्याच बाजूनं, कारण तो घालून बसता येतं. साधा प्लग जागलीभर कोणी ठेवत नाही आणि बार अचानकच होतो.

पण हा मफ ऑडिओग्राम ओळखत नाही. कान थोडा गेला असेल तर एकटा पुरतो. जास्त गेला असेल तर आत मशीन लागते, आणि कानामागची मशीन कपाखाली शिट्टी मारू लागते. पूर्ण कानात बसणारी छोटी मशीन तिथं बरी चालते. दोन्ही वस्तू एकत्र लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

पैशाचं थोडक्यात: ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर केंद्राच्या एडिप योजनेत मशीन मिळते, गरीब ज्येष्ठांसाठी २०१७ पासून वयोश्री योजना आहे. प्लग आणि मफ मात्र खिशातूनच.

प्रश्नांपैकी दोन. एकानं विचारलं, फटाका कानाशी फुटला आणि कान बंद झाला तर? दोन दिवसांत कान-नाक-घसा डॉक्टरकडे या. पडदा फाटला असू शकतो, म्हणून तेल, पाणी, थेंब काहीही नको. आतल्या कानाला मार असेल तर औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच होतो.

दुसरा प्रश्न, चाचणीला कधी यायचं? जिल्हा रुग्णालयात या, नाहीतर नागपूरच्या मेडिकल कॉलेजला किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात जा. पण आदल्या रात्री जागल नको, फटाके नकोत आणि थ्रेशरवरून सरळ येणं नको. मोठ्या आवाजानंतर कान काही तास सुन्न राहतो, चाचणी खोटी येते आणि त्या आकड्यांवर बसवलेली मशीन पुढं कानाला टोचू लागते. चौदा तास तरी शांततेत काढा, मग या.